फासा आणि माळ

कार्तिकीची वारी करून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. पहाटे रानात गेलो होतो. उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या अलीकडे आमचं शिवार आहे. एका अंगाला काळी जमीन, दुसऱ्या अंगाला कुसळी गवताचा माळ. हरभरा नुकता चार बोटं वर आला होता. माझ्या आणि बांधकऱ्याच्या मधल्या बांधावर, बाभळीच्या बुंध्याशी, काहीतरी धडपडत होतं. जवळ गेलो तर काळविटाची मादी. मोटारसायकलच्या क्लचच्या वायरीचा फासा तिच्या मागल्या पायात पार हाडापर्यंत रुतलेला. मला बघितल्यावर तिने धडपड थांबवली आणि मान जमिनीला टेकवली. डोळे मात्र उघडेच होते.

फासा सोडवायला अर्धा तास गेला. हात कापले. ती उठली, पडली, परत उठली आणि तीन पायांवर माळाच्या दिशेने गेली.

आता मुद्द्याचं सांगतो. फासा लावणारा कोण हे मला तिथंच कळलं होतं. वायर त्याच्या जुन्या गाडीची होती आणि गाठ त्याच्या हातची. तो माझा बांधकरी. माझ्याच दिंडीत चालतो. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकत नाही, आणि टाळ असा धरतो की विणेकऱ्यानेही मागे वळून बघावं. तीन दिवसांपूर्वी आम्ही दोघांनी चंद्रभागेत एकत्र स्नान केलं होतं.

मी तसाच त्याच्या वस्तीवर गेलो आणि रागाच्या भरात बोलून गेलो, “गळ्यातली माळ उतरवून देवापुढं ठेव आधी. मग फासे लाव.”

तो गोठ्यात शेण काढत होता. हातातलं खोरं बाजूला ठेवून शांतपणे म्हणाला, “गुरुजी, मारायचं नव्हतं मला. एक अडकलं की बाकीची पंधरा दिवस फिरकत न्हाईत, म्हणून लावला. खायाचं तर मनातबी न्हाई आलं. पण तुमचं बरं हाय. पैल्या तारखेला पेन्शन जमा हुतीया. माझा हरभरा गेला की माझ्या लेकराची फी गेली. तुमची दया मला लई म्हाग पडतीया.”

मला उत्तर सुचलं नाही. आज दोन वर्षांनीही पुरतं सुचलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आपल्या संप्रदायात शिकारीचा प्रश्न सुटल्यासारखा आहे असं आपण धरून चालतो. माळ घातली की मांस सुटलं, मांस सुटलं की हिंसा सुटली, संपला विषय. कीर्तनात भूतदयेचा अभंग आला की आपण माना डोलावतो. पण माझा बांधकरी मांस खात नव्हता. त्याने शिकार केली ती एका माळकऱ्याने, तीही हरभरा वाचवायला. आणि ती शिकारच होती. वन्यजीव संरक्षणाचा 1972चा कायदा शिकारीची व्याख्या करताना नुसतं मारणं धरत नाही. पकडणं, फासा लावणं, सापळा मांडणं, इतकंच काय तसा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची. म्हणजे माझ्या एका शब्दावर त्याचं घर उद्ध्वस्त झालं असतं.

राजेलोकांच्या शिकारीबद्दल फार लिहायचं कारण नाही. ती हौस होती आणि हौसेला युक्तिवाद लागत नाही. आपल्या भागावर राज्य केलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर राजाने 12व्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात हरणांच्या शिकारीचे नाना प्रकार राजाचा विनोद म्हणून सांगितले आहेत. गंमत अशी की त्याच ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, याचीही नोंद आहे. एकाच पोथीत हरणाचा फासा आणि आपली ओवी! पुढं कोल्हापूरच्या शाहू महाराजांपर्यंत पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा षोक चालत आला. ज्या महाराजांनी पारध्यांना चोर न म्हणता पहारेकरी म्हणून विश्वासाने जवळ केलं, तेच हे महाराज. माणूस एका मापात मावत नाही.

पुराणांनी मात्र हरणावर सोडलेल्या बाणाचा हिशेब फार बारकाईने ठेवला आहे. एकदा सगळ्या कथा शेजारी शेजारी ठेवून बघा. पांडूने जोडीतल्या हरणावर बाण टाकला, तो निघाला किंदम ऋषी, आणि त्या शापाने पांडूचं घर बुडालं. रामचंद्र सोन्याच्या हरणामागे गेले आणि मागे सीता हरवली. जरा नावाच्या व्याधाला झाडाआड हरणाचं तोंड दिसलं, तो होता भगवंताचा पाय. (दशरथाची गोष्टही आपण याच माळेत ओवतो, पण त्याला हत्ती पाणी पितोय असं वाटलं होतं. आवाजावर बाण सोडला तो मात्र खरा.) बाण निघतो तेव्हा समोर हरीण असतं, लागतो तेव्हा दुसरंच कुणीतरी असतं. मी बाभळीखाली ती मादी बघितली तेव्हा मला नुसती मादी दिसली. वस्तीवर गेलो तेव्हा कळलं की त्या फाशात माझा बांधकरी अडकला आहे, त्याचं लेकरू अडकलं आहे आणि थोडाबहुत मीही.

जराव्याधाच्या कथेत एक जागा आहे, तिथं मी नेहमी थांबतो. एकनाथ महाराजांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्याच्याच शेवटाकडे ही कथा येते. व्याध जवळ येतो, आपण काय केलं ते त्याला दिसतं, तो पायांवर पडून मरण मागतो. भगवंत त्याला म्हणतात की भिऊ नकोस, आणि त्याला स्वर्गाला धाडतात. ज्याने बाण मारला तो भगवंतांच्या आधी वैकुंठाच्या वाटेला लागला. मी माझ्या बांधकऱ्याला काय म्हणालो? माळ उतरव म्हणालो.

पोटासाठी शिकार करणाऱ्यांचं काय, हे विचारल्याशिवाय सोलापूरच्या माणसाला पुढं जाता येत नाही. फासेपारधी हे नावच फाशावरून पडलेलं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढं आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. कुंपणातल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला परवानगी लागे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. त्याच साली आपल्या देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. हरणामागे धावणारा एक जण नाहीसा झाला, दुसरा कागदावर सुटला.

माझ्या शाळेत पारध्यांची मुलं होती. एका मुलाचे आजोबा शाळेच्या पारावर येऊन बसत. थकलेले होते, पण नजर तीक्ष्ण. जनावराला बुजू न देता गायीच्या आडून आडून कसं जवळ जायचं ते सांगत. मी एकदा जरा शिक्षकी आवाजात विचारलं, “आजोबा, कधी वाईट वाटलं नाही का?” ते म्हणाले, “पोटुशी असली की सोडून द्यायचो. पाडस असलं तरी सोडायचो. बापाचं सांगणं हुतं.” तेव्हा मला वाटलं, म्हातारा आपली बाजू सावरतो आहे. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, त्यात हीच गोष्ट नोंदलेली आहे. फासेपारधी गाभण मादी आणि पाडसं फाशातून सोडून देत. शिवाय नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच मुलखात हिंडत, पण कुणी काय धरायचं हे जणू वाटून घेतलेलं होतं. नंदीवाल्यांकडे कुत्री, त्यांचा रोख घोरपड-साळिंदरावर. वैदूंचा लहान मांसाहारी जनावरांवर. काळवीट आणि पाखरं फासेपारध्यांची. एकाचा घास दुसरा सहसा घेत नसे.

याने हिंसा अहिंसा होत नाही. मी माळकरी आहे, तसं म्हणणार नाही. पण त्या आजोबांच्या हिंसेला मर्यादा होती, आणि ती मर्यादा जनावराच्या ओळखीतून आली होती. माझ्या दयेला कसली ओळख होती? माळावरची ही हरणं दिवसाच्या कोणत्या वेळी कुठं असतात, मादीला शिंगं नसतात, नर काळा कधी होत जातो, हे मला तोवर धड ठाऊक नव्हतं. मला हरीण ठाऊक होतं ते कीर्तनातलं, पाडसाची वाट बघणारं. आपल्याच सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी हयात जंगलात घालवली, पण अरण्यविद्येतले आपले गुरू म्हणून ते आदराने नावं घेत ती रानातल्या माणसांची. ती माणसं पिढ्यान्पिढ्या शिकारीच होती.

आता बांधकऱ्याच्या बोलण्याकडे येतो. “तुमची दया मला म्हाग पडतीया.”

नान्नजचं अभयारण्य 1979 साली माळढोकासाठी झालं. माळढोक आता जवळजवळ दिसेनासाच झाला, काळवीट मात्र राखल्या माळावर वाढलं. ते वाढलं याचा मला आनंद आहे. सकाळच्या उन्हात कळप उड्या घेत जातो तेव्हा हात आपोआप जोडले जातात. सोलापूरहून, पुण्याहून माणसं कॅमेरे घेऊन येतात, बघतात, फोटो काढतात, धन्य होऊन परत जातात. त्यांनी काही गैर केलं असं नाही. पण कळप रात्री उतरतो तो कुणाच्या तरी कोवळ्या ज्वारीत, कुणाच्या तरी हरभऱ्यात. शेंडे खुडले जातात. त्या दर्शनाचं मोल भरतो तो त्या रात्री झोपलेला असतो किंवा झोपलेला नसतो. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत सरकारने ठराविक अटींवर परवान्याची वाट ठेवली आहे. पीक खाल्लं म्हणून काळविटाला मारायची तशी वाट नाही, आणि नसावी असंच मला वाटतं. मग मोल कुणी भरायचं?

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही, हे मला उशिरा उमगलं. तुकोबारायांना एका शेतकऱ्याने शेत राखायला बसवलं. पाखरं आली. महाराजांनी हाकललं नाही, खाऊ दिलं. ही कथा मी मुलांना कितीदा सांगितली असेन! पण सांगताना मी नेहमी तुकोबांच्या बाजूला उभा राहिलो. शेत तुकोबांचं नव्हतं ही गोष्ट मी घाईत ओलांडून जात होतो. मालक येऊन भांडला, पंच बसले, यात त्याचं काय चुकलं? आमच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या. दुष्काळात कोठार उघडलं, माणसं जगवली. पण धान्य दामाजींचं नव्हतं, बेदरच्या बादशहाचं होतं. दोन्ही कथांत दया संताची आणि धान्य दुसऱ्याचं.

आणि दोन्ही कथांत पुढं काय झालं? तुकोबांच्या राखणीतलं शेत मोजलं तेव्हा धान्य कमी भरलं नाही, उलट जास्त भरलं. दामाजींसाठी पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, मोहरा मोजल्या आणि चक्क पावती घेऊन आला. इथं मला फार विचार करावा लागला. सर्वसत्ताधीश देव. बादशहाला स्वप्नात दटावलं असतं तरी चाललं असतं. कोठारातल्या धान्याला मोल कशाला, जीव वाचले ना, असं त्याला सांगता आलं असतं. पण देव म्हणाला नाही की माझ्या भक्ताने पुण्य केलं, तू नुकसान सोस. त्याने पैसे भरले. संताच्या दयेची उधारी देवाने दुसऱ्याच्या नावावर टाकली नाही, स्वतःच्या खांद्यावर घोंगडं टाकून चालत जाऊन फेडली. त्या कथेतला चमत्कार मला आता विठू महाराच्या वेशात दिसत नाही, पावतीत दिसतो.

माझी दया बघा. मादी मी सोडवली, पुण्य माझं. शेंडे त्याचे गेले. पावती कुठं आहे?

कुणी म्हणेल, गुरुजी, असं बोलाल तर उद्या प्रत्येक जण फासा लावील आणि हिशेब पुढं करील. ही भीती खरी आहे. म्हणून महाभारतातला मिथिलेचा धर्मव्याध मला जवळचा वाटतो. मांसविक्रीचं दुकान चालवणारा, पण स्वतः न मारणारा, न खाणारा. तपाचा गर्व झालेल्या ब्राह्मणाला तो शिकवतो. तो सांगतो की नांगर चालतो तेव्हाही जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, पूर्ण अहिंसक असा कुणी नाही. पण एवढं बोलून तो ‘म्हणून मनाला येईल ते करा’ असं म्हणत नाही. घरात आईबापांची सेवा, बाहेर जपून जगणं, हेच त्याचं तप. आपण शेतकरी वारकरी त्या धर्मव्याधाचेच भाऊबंद. आषाढीला निघताना पेरणी करून निघतो. त्या तिफणीखाली काय काय गेलं, कोण मोजतो?

फासा लावणं मात्र मला नांगरासारखं वाटत नाही. नांगराखालचा जीव आपण धरायला गेलेलो नसतो. फाशातला जीव रात्रभर आपल्या इच्छेने तडफडत असतो, आपण घरी झोपलेले असतो. ती रात्र त्या मादीने काढली. बांधकऱ्याची अडचण मला पूर्ण पटली, फासा मला अजून पटलेला नाही. हे दोन्ही एकाच वेळी मनात ठेवून बसणं अवघड जातं, पण एक सोडून दुसरं धरावं असं काही मला दिसत नाही.

मी वनखात्याला कळवलं नाही. त्या सकाळी एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो होतो, दोन गाड्या सोडल्या आणि परत आलो. हे योग्य केलं की भेकडपणा केला, याबद्दल आमच्या फडावरच्या एका वडीलधाऱ्या महाराजांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ते राहू दे. तू त्याला माळ उतरव म्हणालास त्याची क्षमा मागितलीस का?”

मागितली. माघी एकादशीला. तो म्हणाला, “सोडा वो,” आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. तिथून जे सुरू झालं ते अगदी साधं. दोघांच्या बांधावर एक माचा उभारला. एक रात्र तो, एक रात्र मी. पत्र्याचा डबा, बॅटरी आणि घोंगडं. माझ्या पाळीला मी हरिपाठ म्हणतो, मोठ्याने म्हटला की तेवढीच राखण होते. त्याच्या पाळीला तो मोबाइलवर कीर्तन लावतो. पहिल्या हंगामात नुकसान बरंच कमी झालं. दुसऱ्या आठवड्यात ओढ्यापलीकडचा शेतकरी तक्रार घेऊन आला. आम्ही हाकललेली हरणं त्याच्या तुरीत गेली होती. तेव्हा कळलं की आम्ही प्रश्न सोडवला नव्हता, पुढच्या शिवारात पाठवला होता. मग तोही माच्याच्या पाळीत आला आणि झालेल्या नुकसानीचे पंचनामे तिघांनी मिळून करून घ्यायचे ठरलं. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. पेन्शनवाल्याला वेळ असतो, हे बांधकऱ्याने हसून सुनावलंच. भरपाई एकदा मिळाली, थोडी होती. पहिल्या वेळी त्याच्या नुकसानीतला निम्मा वाटा मी घातला. तो आधी घेईना. मी म्हटलं, “हे तुला देत नाही. मादी मी सोडवली, तिचं देणं आहे.” मग त्याने घेतला.

गेल्या पौषातली एक रात्र. पाळी त्याची होती, पण झोप येईना म्हणून मीही माच्यावर गेलो. थंडी मी म्हणत होती. दोनच्या सुमारास माळावरून कळप उतरला. चांदण्यात नर आधी दिसला, मग माद्या. सगळ्यांत मागे एक जण मागला पाय उचलत, थांबत थांबत येत होती. आम्ही दोघांनीही ओळखली. तिच्या अंगाशी पाडस होतं.

त्याने डबा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ती हरभऱ्यात शिरली. पाडस बांधावरच थांबलं. मी काही बोललो नाही, कारण हरभरा त्याचा होता. थोड्या वेळाने त्याने डबा वाजवला, एकदाच, फार जोरात नाही. कळप वळला. ती मागे राहून राहून गेली.

“गुरुजी,” तो घोंगडं ओढत म्हणाला, “उद्या तलाठी येणार हाईत. सातबारा काढून ठेवलाय न्हवं?”